युंगहोल्त्स: एका बिंदूने लटकलेलं गाव

ऑस्ट्रियात व्हॅटचा सर्वसाधारण दर २० टक्के आहे. व्हिएन्नात २०, ग्राट्समध्ये २०, इन्सब्रुकमध्येही २०. पण कायद्याच्या दहाव्या कलमातलं चौथं पोटकलम उघडलं की दोन गावांची नावं दिसतात, युंगहोल्त्स आणि मिटेलबेर्ग. तिथल्या व्यावसायिकांसाठी दर १९ टक्के. का, ते कायदा सांगत नाही. कायदे सहसा सांगत नाहीतच.

बिलिंग सॉफ्टवेअरमध्ये निरनिराळ्या देशांच्या करांचे तक्ते भरायचे आणि ते ताजे ठेवायचे, हे माझं काम. या दोन गावांपायी आणि एका टक्क्यापायी तक्त्यात कायमची वेगळी ओळ ठेवावी लागते. नव्याने आलेला प्रत्येक पोरगा कधी ना कधी विचारतोच, "ही ओळ जुनी राहिलीय, उडवू का?" उडवायची नाही. मी राहते केम्प्टेनला, म्हणजे बव्हेरियाच्या आल्गॉय भागात, आणि तिथून युंगहोल्त्स गाडीने इतकं जवळ आहे की रविवारी सकाळी निघून दुपारच्या जेवणाला घरी परतता येतं. तेव्हा ज्या गावासाठी ही ओळ राखायची ते निदान डोळ्यांनी पाहावं म्हणून गेले, आणि मग जातच राहिले.

दोघांतलं मिटेलबेर्ग हे थोरलं भावंड. फोरार्लबेर्ग प्रांतातलं क्लाइनवाल्झरटाल नावाचं अख्खं खोरं, पाचएक हजार वस्ती, हॉटेलं, स्कीच्या उतारांची जाहिरात, सगळा थाट. त्याच्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. माझा जीव जडलाय धाकट्यावर. टिरोल प्रांत, रॉयटे जिल्हा, क्षेत्रफळ सुमारे ७ चौरस किलोमीटर, उंची १,०५४ मीटर, आणि माणसं तीनशेच्या आसपास.

नकाशात पाहिलं तर हे गाव जर्मनीच्या पोटात आहे असंच वाटतं. पूर्ण वेढा मात्र नाही. दक्षिणेला झोर्गश्रोफेन नावाचं १,६३६ मीटर उंचीचं शिखर आहे आणि त्या शिखरावर, फक्त एका बिंदूत, युंगहोल्त्स उरलेल्या टिरोलला चिकटलेलं आहे. बुद्धिबळाच्या पटावर काळी घरं काळ्या घरांना जशी नुसत्या कोपऱ्यात टेकतात, तसं. त्या बिंदूवर चार गावांच्या हद्दी भेटतात: ऑस्ट्रियाची युंगहोल्त्स आणि शाटवाल्ड, जर्मनीची बाड हिंडेलांग आणि फ्रोंटेन.

वर जाणारी वाट आधी कुरणांतून जाते, मग झाडीत शिरते आणि शेवटी खडकाळ धारेवर येते. तिथे हात लावल्याशिवाय पुढे सरकता येत नाही. ज्यांना उंचीची भीती आहे त्यांनी खालीच कॉफी प्यावी. माथ्यावर क्रॉस आहे आणि ११० क्रमांकाची सीमाखूण आहे. आता इतक्या वर आल्यावर कुणीही जे करेल ते मीही केलं: एक पाय टिरोलच्या या तुकड्यात, दुसरा त्या तुकड्यात ठेवून पाहिला. जमत नाही. बूट बिंदूपेक्षा मोठा असतो, त्यामुळे टाच नाहीतर चवडा कुठेतरी जर्मनीत जातोच. म्हणजे या गावातून जर्मनीला न शिवता आपल्या देशात जाणं गणिताने शक्य आहे, बुटाने नाही. रस्ता तर नाहीच नाही. गावात येणारा डांबरी रस्ता जर्मनीतूनच येतो, वेर्टाखच्या बाजूने.

हे असं झालं कसं, याचं उत्तर एका खरेदीखतात आहे.

१३४२ साली वेर्टाखच्या एका माणसाने आपली युंगहोल्त्सची मालमत्ता हेर्मान हेझेलीन नावाच्या माणसाला विकली. हा हेझेलीन टिरोलला कर भरणारा. त्या काळी देश म्हणजे नकाशावर रंगवलेला भाग नव्हता. माणूस कुणाचा, सारा कुणाला देतो, न्याय कुणाकडे मागतो, यावर सगळं ठरायचं, आणि जमीन माणसामागून जायची. घेणारा टिरोलचा, म्हणून जमीन टिरोलची. गंमत म्हणजे १३४२ मध्ये टिरोल स्वतःच ऑस्ट्रियाचा नव्हता. हाब्सबुर्ग घराण्याच्या हाती तो १३६३ मध्ये गेला. म्हणजे एका खाजगी व्यवहाराने गाव टिरोलचं झालं आणि पुढे एकवीस वर्षांनी, कुठे काही न हलता, हाब्सबुर्गांचं झालं. तेव्हा त्या कुरणांवर चरणाऱ्या गाईंना किंवा त्यांच्या मालकांना यात काही जाणवलं असेल असं मला वाटत नाही.

पुढची साडेचारशे वर्षं मी इथे एका ओळीत उरकते, कारण डोंगरातल्या गुराख्यांच्या गावात इतिहास म्हणजे मुख्यतः हिवाळे.

मग नेपोलियन आला. १८०५च्या डिसेंबरात प्रेसबुर्गच्या तहाने ऑस्ट्रियाला टिरोल बव्हेरियाला देऊन टाकावा लागला. टिरोलच्या इतिहासात ही मोठी जखम आहे. १८०९चा आंद्रेआस होफरचा उठाव याच बव्हेरियन राजवटीविरुद्ध झाला आणि आजही त्याचे पुतळे जागोजागी आहेत. युंगहोल्त्सपुरतं बोलायचं तर ही अशी वर्षं होती की गाव आणि त्याचे सगळे शेजारी एकाच राज्यात होते. १८१४ मध्ये टिरोल परत ऑस्ट्रियाकडे आला आणि गाव पुन्हा बेट झालं. १८४४ मध्ये बव्हेरिया आणि ऑस्ट्रिया यांनी हद्दीचा करार केला, खुणा नक्की केल्या. या वेळेपर्यंत देशांना नकाशाची सवय लागली होती. खरं तर इथे गावाची अदलाबदल करून रेघ सरळ करता आली असती. तसं झालं नाही. ५०० वर्षं जुन्या खरेदीखतावर दोन राज्यांनी शिक्का मारला आणि ते घरी गेले.

पण रेघ पक्की झाली की जकात येते, आणि जकातीचा फटका लगेच बसतो. युंगहोल्त्सच्या शेतकऱ्याचं दूध, चीज, वासरं, लाकूड जाणार कुठे? वेर्टाखलाच. (वेर्टाख चीजसाठी ओळखलं जातं. वाइसलाकर नावाचं, वासाने खोली रिकामी करणारं चीज तिथे १८७४ मध्ये दोन भावांनी पहिल्यांदा बनवलं. आवडणाऱ्यांना आवडतं.) मीठ, कापड, अवजारं येणार कुठून? तिथूनच. प्रत्येक फेरीला सीमा आणि प्रत्येक सीमेला जकात, तर गाव जगणार नाही. म्हणून १८६८च्या मे महिन्यात करार झाला आणि युंगहोल्त्स जकातीपुरतं बव्हेरियाच्या, म्हणजे जर्मन जकातसंघाच्या व्यवस्थेत गेलं. सार्वभौमत्व ऑस्ट्रियाचं, जकात जर्मनांची. दोनच वर्षांपूर्वी, १८६६ मध्ये, ऑस्ट्रिया आणि बव्हेरिया एका बाजूला राहून प्रशियाकडून हरले होते आणि ऑस्ट्रिया जर्मन राजकारणातून बाहेर फेकला गेला होता. त्या धुमश्चक्रीतही कुणीतरी बसून या गावाच्या दुधाचा विचार केला, हे मला नेहमी विशेष वाटतं. क्लाइनवाल्झरटालला हीच सोय १८९१ मध्ये मिळाली.

त्याच १८६८ मध्ये ऑस्ट्रियात जिल्हा प्रशासनाची नवी घडी बसली, बेत्सिर्क्सहाउप्टमानशाफ्ट. जीभ वळत नसेल तर जिल्हाधिकारी कचेरी म्हणा. ही कचेरी रॉयटेला. म्हणजे एकाच वर्षी गावाचं दूध कायद्याने जर्मनीकडे वळलं आणि कागद रॉयटेकडे. आजही तसंच आहे. पारपत्रासाठी, परवान्यासाठी युंगहोल्त्सचा माणूस गाडी काढतो, जर्मनीत उतरतो, उंटरयोख, ओबरयोख करत पुन्हा ऑस्ट्रियात शिरतो, टानहाइमचं खोरं पार करून गाइख्टपासने खाली उतरतो आणि रॉयटेला पोचतो. आपल्याच जिल्ह्याच्या गावी जायला परदेशातून.

१९३८ मध्ये ऑस्ट्रिया नाझी जर्मनीने गिळला तेव्हा १ ऑक्टोबरच्या कायद्याने युंगहोल्त्स आणि मिटेलबेर्ग ही दोन्ही गावं बव्हेरियाला जोडली गेली. नकाशा सरळ करायची हौस हुकूमशहांना फार असते, आणि त्यासाठी त्यांना कुणाला विचारावं लागत नाही. गावांच्या निवडणुकांचा गळा तर त्याआधीच, १९३४च्या हुकूमशाहीत, ऑस्ट्रियन राज्यकर्त्यांनी स्वतःच दाबला होता. १९४५ मध्ये गाव टिरोलला परत मिळालं. तेव्हा टिरोल फ्रेंचांच्या ताब्यात आणि भोवतालचा बव्हेरिया अमेरिकनांच्या, म्हणजे बेटाभोवती नवीन समुद्र.

मी एकदा गावातल्या एका पेन्शनवर उतरले होते. (पेन्शन म्हणजे इकडची घरगुती खानावळ-कम-लॉज.) घरमालकीणबाई सत्तरीच्या पुढच्या. मी युरोआधीच्या दिवसांचं विचारलं तर त्या म्हणाल्या, "आमच्या घरात पैशाच्या दोन पिशव्या असायच्या. एक रोजची, मार्कांची. दुसरी शिलिंगांची, ती कपाटात. रॉयटेला जायचं असेल त्या दिवशी बाहेर निघायची." ऑस्ट्रियाच्या गावात रोजचा व्यवहार जर्मन मार्कांत चालायचा तो असा. युरोच्या नोटा २००२ मध्ये आल्या आणि दुसरी पिशवी निकामी झाली. दोन पिनकोड मात्र आजही आहेत, ऑस्ट्रियाचा ६६९१ आणि जर्मनीचा ८७४९१. टेलिफोनलाही दोन्ही देशांतून वाट आहे.

आता त्या १९ टक्क्यांकडे. १ जानेवारी १९९५ला ऑस्ट्रिया युरोपीय संघात आला. जकातीची भिंतच पडली, त्यामुळे १८६८च्या कराराला करण्यासारखं काही उरलं नाही. पण व्हॅट उरला. दोन देशांचे दर वेगळे आणि ग्राहक तर सगळा जर्मन. मग खास सवलत घेतली गेली आणि ती आज युरोपीय संघाच्या २००६च्या व्हॅट निर्देशात कलम १०४ म्हणून बसलेली आहे: युंगहोल्त्स आणि मिटेलबेर्ग इथे ऑस्ट्रियाला दुसरा, कमी दर लावता येईल, मात्र १५ टक्क्यांपेक्षा खाली नाही. जर्मनीने २००७ मध्ये आपला दर १६ वरून १९ वर नेला. या दोन गावांचा दर आज किती, ते वर आलंच आहे. चाळीस-पंचेचाळीस कोटी लोकांच्या बाजारपेठेच्या कायद्यात तीनशे लोकांचं गाव नावानिशी. माझ्या तक्त्यातली ओळ तिथून येते.

मला या गावाबद्दल जे म्हणायचं आहे ते इथवर आलं असेल. प्रत्येक शतकात कुणीतरी इथे एक अपवाद ठेवून गेला. पण अपवाद कागदावर असला म्हणून आपोआप टिकत नाही. नवा कायदा आला की तो सगळ्यांसाठी सारखा लिहिला जातो, आणि मग कुणीतरी उठून सांगावं लागतं की थांबा, आमच्याकडे हे असं चालणार नाही. हे सांगणारी जागा म्हणजे गावाची स्वतःची पंचायत. तिथे तिला गेमाइंडे म्हणतात.

ऑस्ट्रियात गावाला स्वराज्य मिळालं ते १८४९च्या ग्रामकायद्याने. त्याचं पहिलंच वाक्य असं आहे: मुक्त राज्याचा पाया म्हणजे मुक्त ग्राम. १८४८च्या क्रांतीचा धूर अजून विरला नव्हता तेव्हाचं हे वाक्य आहे. सम्राटाने लवकरच पुष्कळ काही परत काढून घेतलं, पण १८६२च्या कायद्याने गावं पुन्हा उभी राहिली आणि पुढे प्रजासत्ताकाच्या राज्यघटनेत गेली. १९६२च्या घटनादुरुस्तीने कामांचे दोन भाग नीट आखले: गावाची स्वतःची कामं आणि वरून सोपवलेली कामं. पहिल्या भागात वरचा अधिकारी हुकूम सोडू शकत नाही, फक्त कायदा पाळला जातोय का ते पाहू शकतो. स्थानिक नियोजन, बांधकाम परवाने, गावचे रस्ते, अंत्यविधीची व्यवस्था, सगळं या पहिल्या भागात येतं.

आणि यात मोठं-छोटं नाही. स्वतंत्र सनद असलेली मोजकी शहरं सोडली तर वीस हजारांच्या गावाला जी कामं, तीच तीनशेच्या गावाला. इतकंच काय, याच रॉयटे जिल्ह्यात ग्रामाइस आहे, ऑस्ट्रियातलं सगळ्यात कमी वस्तीचं गाव, पन्नासही माणसं नाहीत. त्यांचाही सरपंच, त्यांचंही सभागृह, त्यांचंही अंदाजपत्रक. या एका जिल्ह्यात अशी ३७ गावं आहेत.

माझे वडील ग्रामसेवक होते, त्यामुळे कुठल्याही गावात गेले की आधी पंचायतीचा सूचनाफलक वाचायची खोड मला आहे. युंगहोल्त्सच्या कचेरीपाशीही तेच केलं. फलकावरच्या मजकुरापेक्षा मला कागदांच्या तळाशी असलेल्या दोन छोट्या ओळी जास्त आवडतात: "लावला दिनांक" आणि "काढला दिनांक". कागद लावताना कर्मचारी पहिली तारीख हाताने लिहितो आणि काढताना दुसरी. या दोन तारखांच्या मधलं अंतर म्हणजे लोकशाही, असं कुणी म्हटलं तर मी हसणार नाही. टिरोलच्या ग्रामकायद्याप्रमाणे ठराव दोन आठवडे फलकावर राहावा लागतो. अंदाजपत्रकाचा मसुदाही दोन आठवडे लोकांसाठी खुला, आणि गावातल्या कुणालाही लेखी हरकत घेता येते. जमिनीच्या वापराचा आराखडा बदलायचा असेल तर चार आठवडे. हल्ली हे सगळं संगणकावरही दिसतं, पण काचेमागचा कागद अजून आहे आणि वाचणारेही आहेत. मी उभी असताना एक गृहस्थ कुत्र्याला फिरवत आले, खिशातून चष्मा काढला, एक कागद पूर्ण वाचला, मान हलवली आणि गेले. मान होकारार्थी होती की नकारार्थी, ते मला कळलं नाही.

टिरोलमध्ये सभागृहाची निवडणूक दर सहा वर्षांनी होते आणि १९९२ पासून सरपंच थेट लोकांमधून निवडला जातो. मागची निवडणूक २७ फेब्रुवारी २०२२ला झाली. मतदानाचं वय १६. या आकड्यापुढे मी थोडी थबकते. तीनशे वस्तीच्या गावात सोळा-सतरा वर्षांची पाच-सात पोरं म्हणजे एखादी जागा इकडची तिकडे करू शकणारी ताकद. दुसरी गंमत अशी की युरोपीय संघाच्या कुठल्याही देशाचा नागरिक तिथे राहायला असेल तर त्याला पंचायतीचं मत आहे. म्हणजे युंगहोल्त्समध्ये स्थायिक झालेला जर्मन शेजारी ऑस्ट्रियाच्या संसदेसाठी नाही, पण गावासाठी मत देतो.

सरपंचाचं खरं डोकेदुखीचं काम म्हणजे बांधकाम परवाना. टिरोलमध्ये पहिल्या पायरीवर परवाना देणारा अधिकारी सरपंच स्वतः असतो. सभागृह नव्हे, जिल्ह्याचा अभियंता नव्हे. मोठ्या शहरात महापौर सही करतो आणि अर्जदाराला ओळखतही नाही. इथे अर्जदार म्हणजे ज्याच्याबरोबर तो शाळेत होता, आणि हरकत घेणारा म्हणजे ज्याचं कुरण त्याच्या कुरणाला लागून आहे. नातं फार जवळचं असेल तर उपसरपंचाने काम पाहायचं, असा कायदा आहे. पण तीनशे माणसांत उपसरपंचही कुणाचा तरी मेहुणा असतोच. निर्णय पटला नाही तर २०१४ पासून अपील थेट प्रांताच्या प्रशासकीय न्यायालयात, इन्सब्रुकला. मला विचाराल तर ही सोय अर्जदारापेक्षा सरपंचाच्या हिताची आहे. तो म्हणू शकतो, "बाबा रे, जा इन्सब्रुकला, मी काय करू?" आणि संध्याकाळी त्याच माणसाशेजारी बसून बिअर पिऊ शकतो.

त्यात हौसेच्या घरांचा प्रश्न. डोंगर, बर्फ, म्युनिकपासून सोयीचं अंतर, म्हटल्यावर सुट्टीपुरतं घर घेणारे येणारच. टिरोलने अशा घरांवर मर्यादा घातली आहे, गावातल्या एकूण घरांच्या ८ टक्क्यांच्या वर गेलं की नवीन परवानगी सहसा नाही, आणि २०२० पासून त्यांच्यावर वेगळा करही आहे. तपासायचं कुणी? पुन्हा सरपंचानेच. खिडकीत दिवा लागतो का, कचऱ्याची पिशवी किती वेळा येते, असल्या गोष्टींवरून "हे घर राहतं आहे की नुसतं उभं आहे" हे ठरवायचं, म्हणजे शेजाऱ्यांत शत्रू करून घ्यायचे.

पैसा कुठून येतो? बराचसा केंद्राच्या करांतल्या वाट्यातून, जो डोईप्रमाणे मिळतो. त्यातही मोठ्या गावांच्या डोक्याचं वजन छोट्या गावांच्या डोक्यापेक्षा जास्त धरतात. ही पद्धत दशकानुदशकं चालू आहे आणि छोटी गावं दशकानुदशकं त्यावर चिडलेली आहेत. बाकी घरपट्टी, पाण्याचे-सांडपाण्याचे आकार, आणि कोमुनालश्टॉयर: गावात असलेल्या प्रत्येक धंद्याने आपल्या पगारबिलाच्या ३ टक्के गावाला द्यायचे.

या तीन टक्क्यांवरून बँका आठवतात. तीनशे माणसांच्या युंगहोल्त्समध्ये एके काळी तीन बँका होत्या. गावकऱ्यांच्या ठेवींसाठी नव्हे, हे सांगायला नको. ऑस्ट्रियाचा बँक-गोपनीयतेचा कायदा कडक आणि जर्मन ग्राहकाला मधे जकातनाकं नाही, इतकं सुंदर स्थळ दुसरं कुठलं? ज्यांना आपल्या करखात्याने फार चौकशी करू नये असं वाटायचं ते डोंगराची हवा खायला इथे यायचे. लोक याला गुपित म्हणतात, मला ते गुपित कधीच वाटलं नाही. स्कीच्या गावात सूटबुटातला माणूस ब्रीफकेस घेऊन उतरला की कुरणातल्या गाईलाही कळतं. गावाच्या तिजोरीला त्या ठेवींचा काही उपयोग नव्हता. उपयोग होता तो काउंटरमागे बसणाऱ्यांच्या पगाराचा. २०१०च्या दशकात देशादेशांत खात्यांची माहिती आपोआप दिली-घेतली जाऊ लागली आणि तो मोसम ओसरला. अपवाद कमाई देतो तसा काढूनही घेतो. या खेपेला कुणी करारही मोडला नाही, फक्त बाकीच्या जगाने नियम बदलले.

मग असं गाव शेजाऱ्यात विलीन का करत नाहीत? हा प्रश्न ऑस्ट्रियात हवेत असतो. श्टायरमार्क प्रांताने २०१५ मध्ये ५४२ गावांची २८७ करून टाकली, मोठा गदारोळ झाला, लोक न्यायालयात गेले. टिरोलने असा वरवंटा फिरवला नाही. तिथे २०२२ मध्ये ब्रेनरजवळची तीन गावं एकत्र झाली, तेव्हापासून प्रांतात २७७ आहेत. युंगहोल्त्सबाबत तर विलीन करायचं कुणात, हाच पेच. देशातला एकमेव शेजारी शाटवाल्ड, आणि तो एका शिखराच्या टोकावर टेकलेला. बर्फ काढणारी गाडी, कचऱ्याची गाडी, पाण्याची पाइप, एकही गोष्ट त्या बिंदूतून जाऊ शकत नाही. पर्यटनाचं काम मात्र टानहाइम खोऱ्यातल्या गावांबरोबर एकत्रच चालतं, कारण जाहिरातीला रस्ता लागत नाही.

अपवादाची सगळ्यात कडक परीक्षा २०२०च्या वसंतात झाली. साथ आली, सीमा बंद झाल्या. जो बाहेरच्या देशातून येईल त्याने विलगीकरणात राहावं, असा नियम. आता युंगहोल्त्सचा माणूस रॉयटेला निघाला तरी तो "बाहेरच्या देशातून" येतो आणि परत आला तरी तेच. ऑस्ट्रियाच्या प्रवेश-नियमांत मग या गावांना खास सूट लिहावी लागली: युंगहोल्त्स, क्लाइनवाल्झरटाल आणि त्याच पंक्तीतलं, रस्त्याने फक्त जर्मनीतूनच गाठता येणारं हिंटररिस. १८६८च्या करारानंतर दीडशे वर्षांनी पुन्हा तेच सांगावं लागलं, की आमच्या दाराबाहेर जर्मनी आहे, त्याला आम्ही काय करणार. १३ मे २०२०ला ऑस्ट्रियाचे चान्सेलर सेबास्टियान कुर्झ क्लाइनवाल्झरटालला भेटीला गेले, कित्येक आठवडे कोंडलेल्या लोकांनी गर्दी केली आणि अंतर राखायच्या नियमांचा बोजवारा उडाल्यावरून देशभर टीका झाली. युंगहोल्त्सला असं कुणी आलं नाही. थोरल्या भावंडाची वरात निघते, धाकटं घरी बसून भांडी घासतं.

पुढची पंचायत निवडणूक २०२८ मध्ये आहे. तिथे राहणाऱ्या जर्मनाला मत असेल, इटालियनाला असेल, सोळा वर्षांच्या पोराला असेल. माझ्याकडे भारताचं पारपत्र असल्यामुळे मी उद्या तिथे घर घेऊन राहिले तरी मला नसेल. फलक मात्र कुणालाही वाचता येतो.

जायचं असेल तर केम्प्टेनहून ए-७ महामार्ग धरा, ऑय-मिटेलबेर्गला उतरा (हे जर्मन मिटेलबेर्ग, त्याचा त्या दुसऱ्याशी काही संबंध नाही), वेर्टाख पार केलं की युंगहोल्त्सचा फाटा लागतो. पारपत्र जवळ ठेवा. २०१५ पासून जर्मनी ऑस्ट्रियाच्या हद्दीवर अधूनमधून पुन्हा तपासणी करते आणि परतताना कुणी विचारलं तर "मी फक्त कॉफी प्यायला गेले होते" हे उत्तर पुरत नाही. शिखरावर जाणार असाल तर पाऊस पडून गेलेल्या दिवशी जाऊ नका, वरचा खडक निसरडा होतो. आणि कॉफीचं बिल नीट बघा. कराच्या ओळीत दर छापलेला असतो.